गुनबलान्या रेंजर वर्ग: प्रकल्प नोंदी, २०२३

७ फेब्रुवारी, डार्विन

काम आज रीतसर माझ्याकडे आलं. उत्तर ऑस्ट्रेलियात, नॉर्दर्न टेरिटरीच्या पश्चिम आर्न्हेम लँडमधल्या गुनबलान्या वस्तीत जमिनीची राखण करणाऱ्या रेंजरांसाठी वाचन, लेखन आणि अंकज्ञानाचा वर्ग उभा करायचा. शिकणारे सगळे बिनिंज, म्हणजे तिथले मूळ रहिवासी. घरची भाषा कुनविंज्कू. ती बोलणारे दोन हजारांच्या आसपास. इंग्रजी बहुतेकांची दुसरी किंवा तिसरी भाषा. वयं विशीपासून पन्नाशीपर्यंत. सर्टिफिकेट टू (इथल्या व्यवसाय शिक्षणातली एक पायरी) मिळालं की कामाची पायरी चढते, आणि ते अडतं वाचनावर नि हिशेबावर.

आधीचं पुस्तक चाळलं. त्यातली गणितं बसच्या वेळापत्रकाची, शहरातल्या सुपरमार्केटच्या बिलाची, भिंतीला रंग किती लागेल याची. मुखपृष्ठावर ठिपक्यांचं चित्र. ती शैली मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली. १९७१ साली पापुन्यात सुरू झालेल्या चित्रचळवळीतून ती जगाला माहीत झाली. गुनबलान्याकडची चित्रकला म्हणजे रार्क, बारीक तिरप्या रेघांची जाळी, आणि माशा-कांगारूंच्या पोटातली हाडं-आतडी दाखवणारी चित्रं. ‘संस्कृतीला धरून’ म्हणून दिलेल्या पुस्तकाचं मुखपृष्ठ हजारहून अधिक किलोमीटर लांबच्या लोकांचं आहे.

त्यामुळे मुखपृष्ठ आणि उदाहरणं बदलून माझं समाधान होणार नाही. काय शिकायचं, कुणी शिकवायचं आणि ‘याला हे आलं’ असं कुणी म्हणायचं, या तीन गोष्टी कुणाच्या हातात आहेत ते मला पाहायचंय. वर्षभर या नोंदी त्याच अंगाने ठेवणार.

२२ फेब्रुवारी, गुनबलान्या

पावसाळ्यात ईस्ट ॲलिगेटर नदीवरचा काहिल्स क्रॉसिंगचा फरसबंद उतार पाण्याखाली जातो, म्हणून छोट्या विमानाने आले. नदीच्या अलीकडे काकाडू राष्ट्रीय उद्यान, पलीकडे आर्न्हेम लँड. १९७६ च्या भूमी हक्क कायद्याने ही जमीन मूळ मालकांच्या नावे आहे. बाहेरच्याला नॉर्दर्न लँड कौन्सिलचा, म्हणजे मूळ मालकांच्या वतीने जमिनीचं काम पाहणाऱ्या मंडळाचा, परवाना लागतो. शिकवायला येणाऱ्यालाही आधी परवानगी मागावी लागते, ही मला या कामाची फार चांगली सुरुवात वाटते.

वस्तीतल्या जाणत्यांसोबत बैठक झाली. पहिला प्रश्न त्यांनीच विचारला: हा वर्ग कुणी मागितला? रेंजरांनी मागितला असं सांगितल्यावर, मग त्यांना काय हवंय ते त्यांच्या तोंडून ऐकू, असं ठरलं. अजेंड्याचा कागद घडी करून ठेवला.

रेंजरांनी एकेक करून सांगितलं. हेलिकॉप्टरमधून आग टाकायला (मोठे वणवे टाळायला जंगल आधीच थोडं जाळतात, त्याबद्दल पुढे) जाताना नकाशावर आकडे असतात, ते पायलटबरोबर वाचता आले पाहिजेत. तणनाशकाच्या डब्यावरचं लेबल वाचता आलं पाहिजे. आणि आगीच्या कामातून येणाऱ्या पैशाचा हिशेब मीटिंगमध्ये पडद्यावर येतो तेव्हा मान डोलवण्यापेक्षा प्रश्न विचारता आला पाहिजे. हे तिसरं एका तिशीतल्या बाईंनी सांगितलं आणि बाकीच्या बायांनी ते उचलून धरलं.

जाणत्यांनी त्यात एक अट घातली. नकाशावरच्या प्रत्येक जागेचं कुनविंज्कू नाव, ती कुणाची जागा आणि तिथे कुणी बोलायचं, हे शिकल्याशिवाय आकडे शिकायचे नाहीत. अभ्यासक्रमाचा पाया या एका अटीने बदलला. माझ्या मते तो मजबूत झाला.

२४ फेब्रुवारी

सहशिक्षिका ठरल्या. वस्तीतल्याच, पन्नाशीच्या, बॅचलर इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या. त्यांनी मला धाकटी बहीण केलं, त्यामुळे मलाही आठांपैकी एक ‘स्किन’ नाव, म्हणजे नात्यांतली जागा ठरवणारं गटनाव, मिळालं आणि वस्तीतला प्रत्येक माणूस माझा कुणीतरी झाला. नोंदींत मी त्यांना थोरली बहीण म्हणेन. खरी नावं इथे येणार नाहीत. त्याचं आणखी एक कारण पुढे येईल.

बॅचलरबद्दल मराठी वाचकांसाठी थोडं. डार्विनच्या दक्षिणेला सुमारे शंभर किलोमीटरवर, रम जंगल या जुन्या युरेनियम खाणीजवळचं हे गाव. मूळ रहिवासी शिक्षक-सहायकांचं प्रशिक्षण १९६० च्या दशकात डार्विनच्या कोर्मिल्डा कॉलेजात सुरू झालं, १९७४ मध्ये इथे हललं आणि पुढे ती स्वतंत्र उच्च शिक्षणसंस्था झाली. तिथला शब्द ‘बोथ-वेज’: दोन्ही ज्ञानपरंपरा बरोबरीने. या विचाराला पूर्व आर्न्हेम लँडमधल्या यिर्कालाच्या योल्ङू समाजातल्या शिक्षकांनी धार दिली. योथु यिंदी या बँडचे गायक एम. युनुपिंगू १९९० मध्ये यिर्काला शाळेचे मुख्याध्यापक झाले. ते तिथे ‘गन्मा’ सांगत, खाडीत गोडं आणि खारं पाणी भेटतं ती जागा. एक पाणी दुसऱ्याला गिळत नाही. थोरली बहीण हे सिद्धांत म्हणून सांगत नाही. ती म्हणते, “तू नकाशा आण, मी नावं आणते.”

१४ मार्च

बसण्याची व्यवस्था. मी जिच्यासाठी काम करते त्या प्रशिक्षण संस्थेच्या आराखड्यात टेबलांचे चौकोन आहेत, गटकामासाठी. थोरल्या बहिणीने ते सगळे मोडले.

इथे प्रौढ भाऊ-बहीण एकमेकांशी थेट बोलणं टाळतात, एकमेकांचं नावही घेत नाहीत. जावई आणि सासू यांच्यात तर अंतर इतकं कडक की त्या नात्यासाठी भाषेचा वेगळा थर आहे, कुन-कुर्रंग. स्किन नावांच्या गणिताने ही नाती रक्ताच्या पलीकडेही पसरतात. वर्गात समोरासमोर बसवलेली दोन माणसं सासू-जावई असू शकतात, आणि मग दोघंही उद्यापासून येत नाहीत. हजेरीपटावर त्याचं कारण ‘अनास्था’ पडतं. आदराने वागल्याबद्दल माणसाच्या नावापुढे अनास्था लिहिली जाते, हे मला सहन होत नाही.

आता व्हरांडा आणि खोली दोन्ही वापरतो. दोन दारं उघडी. कुणी कुठे बसायचं ते थोरली बहीण पाहते. गटही तीच पाडते.

४ एप्रिल

बांग्केरेंग सुरू झाला. वादळी सरींनी दोन मीटर उंचीचं भालागवत आडवं केलंय. इथली सहा ऋतूंची दिनदर्शिका वर्गाच्या वेळापत्रकाच्या जागी लावली: कुजेउक पावसाचा, मग बांग्केरेंग, गारव्याचा येक्के, थंडीचा वुर्केंग, कोरड्या उन्हाचा कुर्रुंग, आणि पावसाआधीच्या गडगडाटाचा कुनुमेलेंग. सत्रं यांनाच बांधायची. संस्थेच्या तिमाह्या मी डार्विनमधल्या माझ्या फाइलीत जुळवून घेईन.

२७ एप्रिल

वस्तीत मृत्यू झाला आहे. सुतक संपेपर्यंत वर्ग बंद. किती दिवस, ते कुटुंब सांगेल.

गेलेल्या माणसाचं नाव उच्चारत नाहीत, फोटो दाखवत नाहीत. आम्ही छापायला द्यायच्या बेतात असलेल्या पाठांत दोन ठिकाणी फोटो होता. ती पानं बाजूला ठेवली. थोरल्या बहिणीच्या सांगण्यावरून पुढचं सगळं साहित्य सुट्या पानांचं, एका कड्यात ओवलेलं असेल. पान काढता येतं आणि वेळ आली की कुटुंबाच्या संमतीने परत घालता येतं. माणसांच्या फोटोंऐवजी हात, अवजारं, जागा. शिक्षकांची नावं पाठांवर छापायची नाहीत.

इथले थोर चित्रकार आणि जाणते, खडकाळ पठारावरच्या काबुलवार्नाम्योला परत जाऊन आगीचं काम पुन्हा उभं करणारे गृहस्थ २००९ मध्ये वारले. त्यानंतर त्यांचा उल्लेख वामुद नामोक असा होत राहिला, वैज्ञानिकांच्या लेखनातही. छापील शब्दाला हा रिवाज पाळता येतो. त्यासाठी फक्त छापणाऱ्याने वाकायला हवं.

२३ मे

वर्ग पुन्हा सुरू. येक्के. वूलीबट निलगिरीला केशरी फुलं आली, म्हणजे जंगल तुकड्या-तुकड्यांनी जाळायची वेळ झाली.

हे नीट लिहिते, कारण सातपुड्यात काम करताना मी आग म्हणजे फक्त नुकसान असंच ऐकलं होतं. तिथे राखीव जंगलात आग लावणं हा १९२७ च्या कायद्याने गुन्हा आहे. इथे उलट. येक्केत गवत अजून अर्धं ओलं असतं, रात्री दव पडतं. तेव्हा लावलेली आग गुडघ्याएवढी राहते, चट्ट्याचट्ट्याने जळते आणि रात्री आपोआप विझते. जळालेले चट्टे मग वर्षअखेरच्या मोठ्या वणव्याला अडवतात. विसाव्या शतकात माणसं मिशन आणि गावांकडे गेली, पठार ओस पडलं, आणि ऑगस्टनंतरचे प्रचंड वणवे दरवर्षी येऊ लागले. त्यावर जाणते आणि वैज्ञानिक एकत्र बसले. २००६ मध्ये पश्चिम आर्न्हेम लँड आग प्रकल्प सुरू झाला: सुमारे २८,००० चौरस किलोमीटर जमीन, लवकर जाळून उशिराचे वणवे रोखायचे, त्यातून वाचलेल्या मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडचा हिशेब करायचा. डार्विनच्या वायू प्रकल्पाने वर्षाला एक लाख टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन कमी करण्याच्या बदल्यात सुमारे दहा लाख डॉलर द्यायचं मान्य केलं. आज इथल्या कितीतरी रेंजरांचा पगार असल्याच कामातून निघतो.

म्हणून आमच्या गणिताचा धडा ही आगच आहे.

२४ मे

आज चालत जाऊन जाळलं. एका वयोवृद्ध बाईंनी आधी त्या जागेला हाक मारून सांगितलं, कोण आलंय, कशासाठी आलंय. मग त्यांनी काडी ओढली. पहिला तासभर कुणी काही विचारलं नाही, त्यांनी काही समजावलं नाही. तरुण रेंजर मागोमाग चालत त्यांचे हात, पाय ठेवायची जागा, वारा बघायला थांबणं पाहत होते. दुसऱ्या तासाला बाईंनी काड्यांची पेटी एका मुलीच्या हाती दिली. एवढंच.

संस्थेच्या पाठ टाचणाच्या साच्यात इथे ‘उद्दिष्ट सांगणे, प्रश्नोत्तरे, सराव, पडताळणी’ असं लिहायचं असतं. मी ‘पाहणे, सोबत करणे, मागे चालणे, सोपवणे’ असं लिहिलं आणि प्रत्येकापुढे वेळ टाकली.

२६ मे

काल आणि आज खोलीत. मोठ्या कागदावर उपग्रहाचं चित्र, शेजारी उत्तर ऑस्ट्रेलियाच्या आगमाहिती संकेतस्थळावरचा नकाशा. त्यात जळालेले चट्टे महिन्यागणिक वेगळ्या रंगात दिसतात. आधी नावं. थोरली बहीण आणि त्या बाई ओढे, टेकड्या, खडकांतले आडोसे यांची नावं कुनविंज्कूत सांगत गेल्या आणि रेंजरांनी स्वतः लिहिली. यातल्या दोघांनी स्वतःच्या भाषेत याआधी कधी लिहिलं नव्हतं. कुनविंज्कू जसं बोलतात तसंच लिहितात. घरातला शब्द कागदावर ओळखू आला की पुढच्या शब्दाला हात धजावतो. इंग्रजी वाचनही त्याच दिवशी पुढे सरकलं.

मग आकडे. गुनबलान्या १२.३ दक्षिण, १३३.०५ पूर्व. दशांश चिन्हानंतरचा एक आकडा बदलला तर आपण किती सरकतो? ०.०१ अंश दक्षिणोत्तर म्हणजे साधारण १.१ किलोमीटर. हे फळ्यावर सांगण्यापेक्षा सगळे गाडीत बसले, जीपीएस आणि गाडीचा किलोमीटरचा आकडा शेजारी ठेवून सरळ उत्तरेच्या रस्त्याने गेलो. तिसऱ्या दशांशाला आल्यावर एक जण म्हणाला, “हे म्हणजे इथून त्या झाडापर्यंत.” सुमारे ११० मीटर. बरोबर. हेलिकॉप्टरमधून पोटॅशियम परमँगनेटच्या गोळ्या सोडताना तिसरा दशांश चुकला तर आग ओढ्याच्या पलीकडे, दुसऱ्या कुळाच्या जमिनीवर पडते. दशांश चिन्हाला इथे नात्यागोत्याचं वजन आहे. एवढ्या गांभीर्याने दशांश शिकणारा वर्ग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

क्षेत्रफळासाठी चित्रावर चौकटींची जाळी टाकली. पूर्ण जळालेल्या, अर्ध्या, न जळालेल्या मोजायच्या. त्यातून अपूर्णांक, मग टक्के. त्या बाईंनी एका चट्ट्यावर बोट ठेवून सांगितलं की हा फार जळाला, इथे अर्धंच जळायला हवं होतं. म्हणजे पन्नास टक्के हे लक्ष्य त्यांनी ठरवलं, आणि वर्गाने ते मोजून दाखवलं.

१८ जुलै

ऐकण्याबद्दल. लहानपणापासून वारंवार होणाऱ्या मधल्या कानाच्या संसर्गाने इथल्या बऱ्याच मोठ्या माणसांना कमी ऐकू येतं. पंखा आणि एसी चालू असताना मागच्या ओळीत माझं इंग्रजी पोचतच नसणार. आवाज चारही कोपऱ्यांत सारखा पोचवणारी ध्वनियंत्रणा मागवली, ती आज लागली. माइक थोरल्या बहिणीकडे असतो.

आणि ‘हो’ म्हणण्याबद्दल. “समजलं का?” याला इथे ‘हो’ असंच उत्तर येतं, विचारणाऱ्याला अडचणीत न टाकण्याची ती रीत आहे. न्यायालयांत याचे गंभीर परिणाम झाले आहेत आणि भाषातज्ज्ञांनी त्यावर लिहिलंय. आम्ही तो प्रश्नच काढून टाकला. ज्याचं उत्तर मला माहीत आहे असा प्रश्न मोठ्या माणसाला विचारणंही इथे उद्धटपणा ठरतो. त्याऐवजी काम समोर ठेवतो: ही टाकी, हे लेबल, हा मोजमापाचा कप. मिसळलेलं पाणी सांगतं समजलं की नाही.

२९ ऑगस्ट, डार्विन

मूल्यमापनाची बैठक. वर्षातली सर्वात अवघड.

ऑस्ट्रेलियाच्या मूलभूत कौशल्य चौकटीत पाच गोष्टी मोजतात: शिकणं, वाचन, लेखन, बोलणं, अंकज्ञान. चौकटीशी माझं भांडण नाही, तिच्यामुळे इथलं काम देशभर मान्य होतं. प्रश्न सहीचा आहे. नियमाप्रमाणे ‘सक्षम’ असा अंतिम शेरा प्रशिक्षण-मूल्यमापनाचं सर्टिफिकेट फोर किंवा तशी मान्य पात्रता असलेलाच देऊ शकतो. ते माझ्याकडे आहे. चाळीस वर्षं जमीन जाळणाऱ्या बाईंकडे नाही. आग कशी लावावी हे ज्या बाईंकडून मी शिकते आहे, त्यांच्या विद्यार्थ्याला आग लावता येते का, यावर सही माझी.

नियमात एक वाट आहे: त्या क्षेत्रातला जाणकार मूल्यमापनात सहभागी होऊ शकतो. ती पूर्ण ताणली. आता जमिनीवरच्या प्रत्येक कामाचा निर्णय आधी जाणते देतील, कुनविंज्कूत, ध्वनिमुद्रित. थोरली बहीण त्याचा इंग्रजी सारांश करेल. त्या निर्णयाविरुद्ध शेरा द्यायचा असेल तर मला लेखी कारण द्यावं लागेल. कायद्याने सही माझीच राहते, आणि ते मला पटत नाही. बैठकीच्या इतिवृत्तात तसं नोंदवलंय.

दुसरा मुद्दा मानधनाचा. जाणत्यांना ‘पाहुणे वक्ते’ या शीर्षाखाली छोटी रक्कम मिळत होती. व्याख्यात्याचा तासाचा दर आणि तेच पदनाम मागितलं. आर्थिक विभागाने या वर्षापुरतं मान्य केलं.

१२ सप्टेंबर

गडचिरोलीत काम करणाऱ्या मैत्रिणीचं पत्र आलं. तिने मेंढा-लेखाच्या अभ्यासगटांची आठवण दिली. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं ते गाव, जिथे मोठी माणसं कायदा, जंगल, बांबूचा हिशेब गटात बसून शिकली. २००९ मध्ये १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला तो त्या अभ्यासाच्या बळावरही. प्रौढ शिक्षणाला तिथे वेगळा वर्ग लागला नाही, ग्रामसभेला निर्णय घ्यायचे होते म्हणून लोक शिकले. थोरल्या बहिणीला सांगितलं. तिचा प्रश्न: “बांबू कापायची परवानगी कोण देतं?” ग्रामसभा, म्हटल्यावर तिने मान हलवली.

न्यू साउथ वेल्समधल्या विल्कॅनियात २०१२ मध्ये क्युबाच्या साक्षरता मोहिमेची पद्धत वापरायला सुरुवात झाली. त्या पद्धतीत वर्ग स्थानिक माणसंच चालवतात आणि मोहिमेचा पहिला टप्पा सगळ्या गावाला त्यात ओढण्याचा असतो. आमचं काम त्याहून लहान आणि एका व्यवसायाला बांधलेलं आहे. पण स्थानिक शिक्षक पुढे आणि बाहेरचा मागे, ही मांडणी तिथूनही घेण्यासारखी.

१७ ऑक्टोबर

शनिवारी, १४ तारखेला, सार्वमत झालं. संसदेला सल्ला देणारं मूळ रहिवाशांचं मंडळ, ‘व्हॉइस’, घटनेने मान्य करावं का, या प्रश्नाला देशभर सुमारे ६० टक्के नकार. सहाही राज्यांत नकार. दुर्गम वस्त्यांतल्या फिरत्या मतदान केंद्रांवर मात्र मोठ्या बहुमताने होकार.

आज तणनाशकाचा पाठ होता. वर्गाने तो बाजूला ठेवायला सांगितला आणि टीव्हीवरचे आकडे समजून घ्यायला मागितले. टक्के त्यांना आता येतात. टक्के कशाचे, हा प्रश्न त्यांचा. मग दुहेरी बहुमत फळ्यावर मांडलं: देशातली निम्म्याहून अधिक मतं, शिवाय सहापैकी किमान चार राज्यं. नॉर्दर्न टेरिटरी हे राज्य नाही; इथली मतं फक्त देशाच्या बेरजेत जातात, दुसऱ्या गणतीत नाहीत. एका रेंजर बाईंनी ते स्वतः कागदावर करून पाहिलं, मग शेजारणीला कुनविंज्कूत समजावलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मीही मधे पडले नाही.

अंकज्ञान कशासाठी, याचं उत्तर मी आजवर कामाच्या पायरीत आणि पगारात देत आले. त्यात आजचा दिवस जोडते.

२१ नोव्हेंबर

कुनुमेलेंग. दुपारी ढग, पाऊस अजून नाही.

तणनाशकाचा घटक पूर्ण. मिमोसा पिग्रा ही आपल्या लाजाळूची काटेरी, झाडाएवढी वाढणारी बहीण, मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतली. इथल्या पाणथळ मैदानांवर पसरली की मॅगपाय गूज पक्ष्यांची जागा जाते. बी मातीत वर्षानुवर्षं टिकतं, म्हणून त्याच जागी परत परत जावं लागतं आणि कुठे, कधी, किती फवारलं याची नोंद हाच कामाचा प्राण. नोंदवही रेंजरांनीच आखली: जागेचं नाव आधी, अंश नंतर, मग लिटर-मिलिलिटर, शेवटी कुणाच्या परवानगीने गेलो.

साहित्याची मालकी लिहून झाली. ध्वनिमुद्रणं, जागांची नावं आणि आगीचे व्हिडिओ वस्तीत राहतील. संस्थेकडे फक्त मूल्यमापनापुरती प्रत. दुसऱ्या वस्तीने मागितलं तर परवानगी इथले जाणते देतील, आणि तिथल्या लोकांनी आपली नावं, आपला ऋतू, आपली आग घालून ते नव्याने करायचं.

पुढच्या वर्षासाठी: थोरल्या बहिणीच्या सर्टिफिकेट फोरचा अर्ज गेला आहे, त्यातले लेखी भाग तिने कुनविंज्कूत तोंडी द्यावेत अशी विनंती सोबत जोडली. उत्तर फेब्रुवारीत अपेक्षित. कार्बन हिशेबाचा घटक येक्केच्या आधी तयार हवा, म्हणजे मीटिंगमध्ये पडद्यावर आकडे येतील तेव्हा बायांचे प्रश्न लिहून तयार असतील. पहिले चार प्रश्न त्यांनी आजच सांगितले. वहीत उतरवून घेतले आहेत.